गाण्याचे शब्द मागू नका, मैदानाच्या हद्दीवरचा आवाज मोजा : गृह विभागास खुले पत्र

प्रति,
गृह विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि राज्यातील सर्व पोलीस आयुक्त व जिल्हा पोलीस अधीक्षक

विषय : सामाजिक आशयाची गाणी सादर करणाऱ्या रॉक बँडच्या कार्यक्रमांना द्यायच्या परवानग्या

महोदय, महोदया,

हे पत्र लिहिणाऱ्यांत साउंड इंजिनिअर आहेत, मंच सांभाळणारे आहेत, गीतकार आहेत आणि परवानगीची फाईल घेऊन पोलीस ठाणं, वाहतूक शाखा, अग्निशमन दल, महापालिकेचा प्रभाग आणि विद्युत निरीक्षक अशी प्रदक्षिणा घालणारे आयोजकही आहेत. कुठल्या एका बँडची वकिली करायला हे पत्र नाही.

जात, पाणी, शेतकरी, धरणग्रस्त, बेरोजगारी, स्त्रियांवरची बंधनं अशा विषयांची गाणी घेऊन एखादा बँड मैदानात उतरणार म्हटलं की फायलीत एक कागद वाढतो : गाण्यांची यादी आणि त्यांचे पूर्ण शब्द. प्रेमगीतं गाणाऱ्या बँडकडे तो सहसा मागितला जात नाही. सोबत 'कोणाच्याही भावना दुखावल्या जाणार नाहीत' असं हमीपत्र लागतं, आणि कधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच द्यायची, नोटीसही येते, जिला जुन्या संहितेतल्या क्रमांकावरून ठाण्यात अजून सगळे '१४९ ची नोटीस' म्हणतात. आमची मागणी थोडक्यात अशी की शब्दांचा कागद मागणं बंद करावं, जे मोजता येतं ते नीट मोजावं, आणि तक्रार आलीच तर पूर्ण गाणं ऐकून मग काय ते ठरवावं.

कागदावरून गाणं का कळत नाही? समजा, एका गाण्यात अशा ओळी आहेत :

विहीर आमची, दोर आमचा, सावली आमची पाण्यावर,
तुमची तहान तुमच्या वाडीत, पाय नको या काठावर.

ठाण्यातल्या टेबलावर हे शब्द वाचले तर कुणीही म्हणेल, हे उघड उघड हिणवणं आहे, उद्या ॲट्रॉसिटीची तक्रार येईल. मंचावर काय होतं ते बघा. पहिल्या वेळी गायक या ओळी हातातल्या भोंग्यातून म्हणतो. भोंगा खालचे आणि अगदी वरचे सूर खाऊन टाकतो, मधला कर्कश पट्टा तेवढा ठेवतो, त्यामुळे आवाज दवंडी पिटणाऱ्याचा येतो. दुसऱ्या वेळी गिटार गप्प होतात, नुसती हलगी उरते. तिसऱ्या वेळी त्याच ओळी दोन गायिका साध्या माइकवर, ताल सोडून, प्रश्न विचारल्यासारख्या म्हणतात, आणि 'काठावर'ला पोचल्या की सगळा बँड एकदम तुटून पडतो. बोलणारा विहिरीचा मालक आहे आणि गाणं त्याच्या विरोधात आहे, हे समोरच्या पोराटोरांनाही मिनिटभरात कळतं. कागदावर भोंगा नसतो, थांबणं नसतं, कोण कुणाच्या तोंडून बोलतंय हेही नसतं. उपरोधाचं कुठलंही गाणं या चाचणीत नापासच होणार, आणि सामाजिक गाण्यांचं निम्मं बळ उपरोधात असतं. भारूड आणि बतावणी ऐकत आलेल्या मराठी माणसाला दुसऱ्याच्या तोंडून बोलणं नवं नाही. ते नवं आहे आपल्या अर्जाच्या नमुन्याला.

दुसरी अडचण अगदी व्यवहारातली. कॉलेजच्या महोत्सवात बँडला ४५ मिनिटं मिळतात, त्यात आठ-नऊ गाणी बसतात. स्वतःचा कार्यक्रम असला तर ९० मिनिटं आणि चौदा ते सोळा गाणी. यादी साउंडचेकनंतर बदलते. आधीचा बँड रेंगाळला तर दोन गाणी कापली जातात. गायकाचा घसा बसला तर वरच्या पट्टीतलं गाणं जातं. तार तुटली की दुसरी गिटार हातात येईपर्यंत कुणीतरी दोन मिनिटं काहीतरी बोलत राहतं. वाद अनेकदा उठतो तो या बोलण्यावरून, आणि ते तुमच्याकडे जमा केलेल्या कुठल्याच कागदावर नसतं.

चेन्नईच्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या बँडचं प्रकरण प्रत्येक परवाना अधिकाऱ्याने एकदा वाचावं. दिग्दर्शक पा. रंजित यांचं नीलम कल्चरल सेंटर आणि संगीतकार तेन्मा यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला हा १९ जणांचा संच ६ जानेवारी २०१८ रोजी किलपॉकमध्ये पहिल्यांदा मंचावर आला. वस्त्यांमधलं 'गाना', रॅप आणि रॉक एकत्र; ड्रमकिट आणि गिटारांच्या शेजारी पराई आणि सट्टी ही तमिळ तालवाद्यं. नाव घेतलं ते जातिविरोधी तमिळ विचारवंत पंडित अयोथी दास यांच्या 'जातिविहीन तमिळ' या कल्पनेवरून. आरक्षण आणि खाण्याचं स्वातंत्र्य हे विषय त्यांनी थेट मंचावर आणले, त्यामुळे चर्चा पहिल्या दिवसापासून होतीच. याच बँडसोबत गायिका इसैवाणी यांनी शबरीमला मंदिरातल्या स्त्रियांच्या प्रवेशाच्या वादाच्या पार्श्वभूमीवर एक गाणं गायलं. सर्वोच्च न्यायालयाचा प्रवेशाचा निकाल २८ सप्टेंबर २०१८ चा, गाणंही त्याच वादाचं अपत्य. पण तक्रारी आणि अटकेच्या मागण्यांचा मोठा भडका उडाला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, शबरीमलेचा यात्राकाळ सुरू असताना. शब्द तेच होते, चाल तीच होती. आता सांगा, गाणं पहिल्यांदा सादर होण्याआधी कुठल्या अधिकाऱ्याने शब्द वाचून हा पुढचा वाद ओळखला असता? ओळखला असता असं धरलं, तरी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या हक्काच्या बाजूचं गाणं कुठल्या कलमाखाली थांबवलं असतं?

उलट अनुभवही जगाला आहे. प्रागमध्ये १९७६ साली 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' या बँडच्या वर्तुळातल्या लोकांवर खटला चालला. त्यांची गाणी राजकीय घोषणाबाजीची नव्हती. खटल्यामुळे मात्र लेखक आणि विचारवंत एकत्र आले आणि जानेवारी १९७७ मध्ये 'चार्टर ७७' हे नागरी हक्कांचं जाहीर निवेदन आलं. निव्वळ बंदोबस्ताच्या हिशेबानेही हा सौदा तोट्याचा. आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये दोन मराठी रॅपरांवर राजकीय रॅपवरून गुन्हे दाखल झाले. एरवी रॅप न ऐकणाऱ्यांनाही त्यामुळे ती गाणी ठाऊक झाली. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, १९४४ चं लाल बावटा कलापथक ही परंपरा आपल्याला आम्ही सांगायला नको.

अधिकार कुठून येतो तेही पाहू. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली सार्वजनिक करमणुकीच्या जागा आणि संगीत, नृत्य, नाट्याचे प्रयोग यांच्यासाठी नियम करता येतात. नाटकांच्या संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ वाचतं, आणि त्या पूर्वपरीक्षणालाच अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. मग उरतं कलम ३७. त्याच्या पोटकलम १ खालच्या मनाई आदेशात शस्त्रं, स्फोटकं, दगड यांच्या रांगेत 'गाणी म्हणणे' आणि 'वाद्ये वाजविणे' हेही येतं. पोटकलम ३ खालचा जमावबंदीचा आदेश शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांच्या पुढे टिकत नाही, म्हणून कित्येक जिल्ह्यांत दोन्ही पोटकलमांखालचा एकत्र आदेश दर पंधरवड्याला नव्याने काढला जातो. आयोजक तारीख ठरवतो तेव्हा आदेश नसतो, कार्यक्रमाच्या दिवशी असतो. सरसकट काढलेला असा आदेश एका ठरावीक कार्यक्रमावर लावायचा असेल, तर त्या कार्यक्रमापुरतं कारण लिहून द्यायला काय हरकत आहे?

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या एस. रंगराजन प्रकरणात सांगितलं की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दाबता येत नाही. २८ मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी प्रकरणात, एका कवितेवरून नोंदवलेला गुन्हा रद्द करताना, न्यायालयाने शब्दांचा परिणाम कुणाच्या नजरेतून मोजायचा हेही सांगितलं : समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या. प्रत्येक टीकेत धोका दिसणाऱ्याच्या नजरेतून मोजायचा नाही. हा निकाल ठाणे अंमलदारापर्यंत पोचलेला आहे, असं आम्हाला तरी दिसत नाही.

आता क्लिपबद्दल, कारण हल्ली तक्रार मैदानातून कमी आणि मोबाइलमधून जास्त येते.

मंचासमोर १०५ डेसिबलच्या आसपास आवाज असतो तेव्हा मोबाइलचा माइक स्वतःच आवाज दाबतो. बास ड्रमचा प्रत्येक ठोका पडला की बाकी सगळं खाली जातं. मुखडा सहा वेळा येतो, अंतरा एकदाच, त्यामुळे चाळीस सेकंदांच्या क्लिपमध्ये बहुधा मुखडाच सापडतो, तोही अर्धवट. अशा रेकॉर्डिंगमध्ये 'जागा, जागा' असा कोरस 'जाळा, जाळा' ऐकू येऊ शकतो. 'ग'चा जो छोटा स्फोट असतो त्याची ओळख साधारण दीड ते तीन किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते, आणि नेमकी तिथेच डिस्टॉर्शनची गिटार आणि झांजा बसलेल्या असतात. स्फोट झाकला गेला की उरतो तो नुसता 'आ'. पुढचं व्यंजन ऐकणारा आपल्या मनातलं घालतो. तक्रारदार खोटं बोलत असतो असं नाही. त्याला तसंच ऐकू आलेलं असतं.

यावरचा इलाज बँडच्या आणि साउंडवाल्याच्या हातात आहे, आणि आमच्यातले बरेच जण तो करत नाहीत, हेही मान्य. गायकाच्या माइकवर १२० हर्ट्झच्या खालचं कापायचं. गिटारांच्या ग्रुपवर २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये तीन-चार डेसिबलचा डायनॅमिक कट ठेवायचा, जो गायक गातो तेव्हाच लागेल आणि तो थांबला की सुटेल. माइक ओठांपासून दोन-तीन सेंटीमीटरवर धरायचा. जाळी मुठीत पकडायची नाही, कारण मूठ आवळली की माइकची दिशा बिघडते, आवाज डबक्यासारखा होतो आणि फीडबॅक वाढतो. मागच्या लोकांसाठी डिले टॉवर, म्हणजे मैदानात मध्येच उभे केलेले जादा स्पीकर, ४० मीटरवर असेल तर ३० अंश तापमानाला सुमारे ११५ मिलिसेकंदांचा विलंब द्यावा लागतो, वर दहा-पंधरा मिलिसेकंद जास्त, म्हणजे आवाज मंचाकडून आल्यासारखा वाटतो. हा विलंब चुकला की मागच्या निम्म्या मैदानात प्रत्येक शब्द दोनदा पोचतो आणि एकही कळत नाही. एलईडी पडदा असेल तर गाण्याच्या ओळी त्यावर दाखवाव्यात. क्लिपमध्ये शब्द छापलेले दिसले की 'जाळा'चा प्रश्नच मिटतो. शब्दांचं काही करायचंच असेल तर आपण हे सुचवा. ते आगाऊ जमा करून घेण्यापेक्षा पडद्यावर सर्वांना वाचू देणं कितीतरी उपयोगाचं.

आवाजाच्या तक्रारी बहुतांशी खऱ्या असतात. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे हद्दीवर ६५. शांतता क्षेत्रात मर्यादा आणखी कमी, ५०. शैक्षणिक संस्थेभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून घोषित झालेले असू शकतात, हे कॉलेजच्या महोत्सव समितीला कुणी सांगत नाही, आणि राज्यातले निम्मे बँड वाजवतात ते कॉलेजच्या आवारात!

आता गणित करा. मिक्सरपाशी, मंचापासून ३० मीटरवर, १०० डेसिबल असतील तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात. ६० मीटरवर ९४, १२० वर ८८, २४० वर ८२. पाव किलोमीटरवर घरं असतील तरी ६५ च्या जवळपासही नाही. म्हणजे 'आवाज कमी ठेवू' या हमीला काही अर्थ नाही. मांडणीच बदलावी लागते. मंचाची पाठ वस्तीकडे, तोंड रस्त्याकडे किंवा मोकळ्या माळाकडे. मुख्य स्पीकर टांगून खाली गर्दीकडे वाकवलेले. मिक्सरपाशी ९५-९६ च्या वर जायचं नाही. मागच्यांसाठी मोठा आवाज पुढून फेकण्याऐवजी मध्ये छोटे टॉवर. आणि सब-वूफर, म्हणजे बासचे मोठे स्पीकर, मागे आवाज कमी जाईल अशा 'कार्डिऑइड' मांडणीत : तिनाच्या गठ्ठ्यातला एक मागे तोंड करून, पोलॅरिटी उलटी आणि विलंब लावून, म्हणजे मागच्या बाजूचा बास दहा-बारा डेसिबलने कमी होतो. विलंबाचा आकडा स्पीकरच्या कंपनीने दिलेला वापरावा. अंदाजाने लावला तर मागे कमी व्हायच्या ऐवजी पुढचाच बास कापला जातो, मग साउंडवाला तो भरून काढायला फेडर चढवतो आणि सगळा खटाटोप वाया.

मोजणाऱ्यांकडूनही चुका होतात. मोबाइलमधलं ॲप उघडून मंचाच्या बाजूला उभं राहून आलेला १०८ चा आकडा पंचनाम्यात लिहिला जातो. नियम हद्दीवरच्या आवाजाबद्दल आहे. वर्ग १ किंवा वर्ग २ चा मीटर घ्यावा, मोजणीआधी आणि नंतर ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने तपासावा, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, भिंतीपासून साडेतीन मीटर दूर ठेवावा. भिंतीला चिकटून मोजलं की परावर्तनामुळे आकडा तीनेक डेसिबलने फुगतो. क्षणिक कमाल घेऊ नये, १५ मिनिटांची समतुल्य (एक प्रकारे सरासरी) पातळी घ्यावी, आणि कार्यक्रमाआधी त्याच जागी नुसत्या रहदारीचा आवाज नोंदवून ठेवावा. कित्येक चौकांत तोच ७० च्या वर निघतो. आणखी एक गोष्ट : मीटरचं नेहमीचं, माणसाच्या कानाप्रमाणे बेतलेलं 'ए' मापन ५० हर्ट्झचा बास सुमारे ३० डेसिबलने कमी दाखवतं. म्हणून मीटर मर्यादेत असतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या खिडक्या थरथरत असतात. त्यांची तक्रार फेटाळू नका. मीटर बासही मोजणाऱ्या 'सी' मापनावर फिरवा, दोन आकड्यांत २० च्या आसपास किंवा जास्त फरक दिसला तर सब खाली घ्यायला सांगा. कुठलाही शहाणा इंजिनिअर ऐकतो.

रात्री दहानंतर उघड्यावर भोंगा बंद, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बारापर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस सणउत्सवांतच संपतात. म्हणून शेवटचं गाणं ९:५० ला संपेल अशीच वेळापत्रकं मंजूर करा आणि ती पाळायला लावा. यात आम्ही कुठलीही सूट मागत नाही.

पण वेळ संपली म्हणून किंवा गोंधळ झाला म्हणून कार्यक्रम बंद करायचा, तेव्हा जनरेटर बंद करू नका. ही या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची तांत्रिक विनंती आहे. वीज गेली की स्पीकरमधून बॉम्बसारखा धडाका येतो, मैदानात अंधार होतो आणि ज्या यंत्रणेवरून लोकांना 'शांतपणे बाहेर पडा' असं सांगायचं, तीच मेलेली असते. वीज परत दिली तरी डिजिटल कन्सोल पुन्हा सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटं घेतो. हजारोंच्या गर्दीत ती दोन मिनिटं फार मोठी. बरोबर क्रम असा : बंदोबस्ताचा अधिकारी मंच-व्यवस्थापकाला सांगतो, नाव आणि वॉकी-टॉकीचा चॅनेल आधी ठरलेला असतो. व्यवस्थापक टॉकबॅकवरून, म्हणजे फक्त बँडला ऐकू जाणाऱ्या माइकवरून, बँडला थांबवतो. इंजिनिअर वाद्यं म्यूट करतो, एक माइक चालू ठेवतो. मैदानाचे दिवे लागतात. मग गायक, कारण लोक त्याचंच ऐकतात, आधी लिहून ठेवलेलं वाक्य वाचतो. तालीम केलेली असेल तर हे सगळं वीस सेकंदांत होतं. मैदानाचे आणि बाहेर पडायच्या वाटांचे दिवे वेगळ्या जनरेटरवर असावेत, ही अट परवानगीत घाला. सध्या ती क्वचित दिसते. मंचासमोर दीड मीटरची मोकळी पट्टी, तिच्यात पाण्याच्या बाटल्या आणि लोकांना वर ओढून घेणारी माणसं, आणि पुढच्या भागात चौरस मीटरला चारपेक्षा जास्त माणसं नकोत. रॉकच्या गर्दीत माणसं जखमी होतात ती शब्दांनी नाही, बॅरिकेडवर चेंगरून.

सामाजिक गाण्यांचे कार्यक्रम प्रत्यक्षात रद्द कसे होतात, ते आपल्याला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तीन-चार दिवस आधी एखादी संघटना ठाण्यात निवेदन देते, त्याचा फोटो समाजमाध्यमांवर जातो. मग मैदानवाल्याला फोन जातो आणि 'देखभालीचं काम निघालं' म्हणून मैदान नाही होतं. किंवा आयोजकाला ठाण्यात बोलावून 'कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे, तुम्हीच पुढे ढकला' असं सांगितलं जातं. आयोजक 'स्वेच्छेने' रद्द करतो. लेखी काहीच नसतं, आणि लेखी आदेश हातात नसला की उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली आव्हान द्यायचं तरी कशाला? निवेदन देणं हा त्या संघटनेचा हक्क आहे, ते घ्यावं. पण निवेदन आलं की बंदोबस्त वाढवायचा, की कार्यक्रम गुंडाळायचा, याचं उत्तर रंगराजन निकालात मिळालेलं आहे. नकार द्यायचाच असेल तर सकारण, लेखी आणि किमान सात दिवस आधी द्या. शेवटच्या ७२ तासांत ध्वनी, दिवे, एलईडी आणि जनरेटरच्या गाड्या निघालेल्या असतात, त्यांचे पैसे परत येत नाहीत; एकदा असा फटका बसला की आयोजक पुढच्या वर्षी नुसता विनोदी कार्यक्रम ठेवतो. बँड असा संपतो, कुठलीही बंदी न घालता.

आणि तक्रार आली तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ (समाजांत तेढ) किंवा २९९ (धार्मिक भावना) खालची तक्रार असेल, तर शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असल्यामुळे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. शब्दांबद्दलच्या तक्रारीत ती करणंच योग्य, असं प्रतापगढी निकाल सांगतो. त्या चौकशीसाठी साहित्य आम्ही देऊ शकतो. ३२ ट्रॅक, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा नोंदीत ९० मिनिटांचा कार्यक्रम सुमारे २५ जीबीत मावतो, म्हणजे एका पेनड्राइव्हमध्ये. गायकाचा माइक त्यात वेगळा ऐकता येतो. 'जागा' की 'जाळा' हे दोन मिनिटांत कळतं. नोंद संपताच हॅश, म्हणजे फाईल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा, काढून कागदावर लिहावा, दोन प्रती कराव्यात, एक सीलबंद. मागणी आली की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र, भाग अ आणि भाग ब दोन्ही भरून, सोबत द्यावं. क्लिप काढणाऱ्याकडूनही मूळ फाईलच घ्या. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेली फाईल दर वळणावर पुन्हा दाबली जाते आणि तिच्यातली व्यंजनं आणखी झिजतात.

कुणी मंचावरून एखाद्या समाजाला मारा-झोडा असं चिथावत असेल, जातिवाचक शिवी देत असेल, खासगी व्यक्तीचं नाव घेऊन तिच्या घरावर माणसं पाठवत असेल, तर कायदा आहे, तो वापरावा. आमच्यातलं कुणी आडवं येणार नाही. सरकारवर, पक्षावर, रूढीवर, धर्माच्या ठेकेदारीवर केलेली टीका त्यात बसत नाही, मग ती कितीही बोचरी असो. अशी गाणी वाईटही असतात. यमकासाठी ओढूनताणून आणलेले शब्द, चार सुरांची चाल आणि नुसती आरडाओरड आम्हीही पुष्कळ ऐकली आहे. वाईट गाण्यावरचा उपाय श्रोते करतात, ते पाणी प्यायला निघून जातात.

सोबत एक पानी अर्जाचा नमुना जोडला आहे. त्यात गाण्यांच्या शब्दांचा रकाना नाही. मंचाचं तोंड कुठल्या दिशेला, सर्वांत जवळची वस्ती आणि रुग्णालय किती मीटरवर, सबची मांडणी कोणती, हद्दीवर मीटर कुठे ठेवणार, दिव्यांचा जनरेटर वेगळा आहे का, मंच-व्यवस्थापकाचं नाव आणि चॅनेल, थांबवण्याचं लिहिलेलं वाक्य, आणि रेकॉर्डिंग कुणाच्या ताब्यात राहील, एवढे रकाने आहेत. अर्ज २१ दिवस आधी, निर्णय सात दिवस आधी, त्यानंतरचा नकार फक्त सुरक्षेच्या लेखी कारणासाठी. एखाद्या आयुक्तालयाने तो तीन महिने वापरून पाहायचं ठरवलं, तर मीटर हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी एका दिवसाचं प्रशिक्षण आम्ही विनामोबदला घेऊ. मीटर आणि कॅलिब्रेटर मात्र आपले आणा, म्हणजे पुढेही तेच वापरता येतील.

आपले,
ध्वनी, मंच, गीतलेखन आणि आयोजन या कामांतले आम्ही काही जण